कालवड कधी भरवावी? माणदेशातील खिलार पैदाशीचा इतिहास

खिलार कालवड साधारण अडीच-तीन वर्षांची झाली की पहिल्यांदा माजावर येते. तिला तेव्हाच वळू दाखवायचा की आणखी काही महिने थांबायचे, हा निर्णय सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात आणि माळावरच होत आला. माजावर आलेली कालवड फळू शकते, एवढेच माजावरून कळते. पोटातले वासरू पोसणे, न अडता विणे, वासराला पाजणे आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा अंग धरणे यासाठी जी ताकद लागते ती माजानंतर बऱ्याच काळाने येते. मधला हा काळ ओळखण्याची रीत कशी घडली, सरकारी खात्याने तिच्यात काय भर घातली आणि संकरित गाईंच्या काळात ती कुठे मागे पडली, हा खिलार पैदाशीच्या इतिहासातला फारसा न लिहिला गेलेला भाग आहे.

या रीतीचे मूळ मुलखाच्या कोरडेपणात आहे. माण नदीचे खोरे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी या भागात वर्षाकाठी पाऊस साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बराचसा परतीचा. ज्वारी-बाजरीचा कडबा, माळावरचे कुसळी गवत आणि पावसाळ्यातले थोडे हिरवे एवढ्यावर जनावर जगवायचे असते. स्वातंत्र्यापूर्वी हा मुलूख वेगवेगळ्या अंमलांखाली होता. माण आणि खटाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी महाल औंध संस्थानात, तर जत डफळ्यांच्या संस्थानात. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जनावरांचे बाजार मात्र या सीमा कधीच मानत नव्हते. खरसुंडीच्या सिद्धनाथाची, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची, जतच्या यल्लमाची यात्रा म्हणजे या सगळ्या मुलखाचा एकच गोठा.

खिलार ही मूळची म्हैसूरकडच्या हल्लीकर जनावरांपासून निघालेली जात असावी, असे पशुतज्ज्ञ मानतात. लांब, मागे वळून टोकाला वर जाणारी शिंगे, ताठ बांधा, घट्ट कातडी आणि झपाझप चाल ही हल्लीकर, अमृतमहल आणि खिलार यांची सामाईक ओळख आहे. आटपाडी महाल, म्हसवड, नकली आणि खानदेशाकडची थिल्लारी असे खिलारचे प्रकार जुन्या पशुसंवर्धन ग्रंथांत दिलेले आढळतात. माणदेशातले लोक कोसा, काजळी अशी रंगावरूनही नावे देतात. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या टाळूवर तांबूस छटा असते आणि काही महिन्यांत ती जाते. जात टिकवली आणि वाढवली ती कळप घेऊन फिरणाऱ्या थिल्लारींनी आणि गावोगावच्या धनगर-शेतकऱ्यांनी.

खिलार गाय दुधासाठी पाळली जात नव्हती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे. एका वेतात तिचे दूध सरासरी 400 लिटरच्या आतबाहेर, आणि त्यातले बरेचसे वासराच्याच पोटात जाणारे. गाईची किंमत तिच्या खोंडावर ठरे. मोट, नांगर, गाडी, ऊस वाहतूक आणि शर्यत या सगळ्यांना खिलार बैल हवा असे. कृष्णाकाठच्या काळ्या रानातला शेतकरी बैल घ्यायला माणदेशात येई. कालवड चार वर्षांची होऊन पहिल्यांदा विणार, पुढे दोन वेतांत सव्वा वर्षाहून जास्त अंतर पडणार, म्हणजे गाईच्या उभ्या आयुष्यात हाताशी येणारी वासरे मोजकीच. त्यात निम्म्या पाड्या. साहजिकच पहिले वेत सहा महिने अलीकडे ओढण्याचा मोह मोठा होता. पण याच हिशेबाची दुसरी बाजू त्याहून मोठी होती. कोवळी कालवड अडली तर वासरू जाते, कित्येकदा गायही जाते. वाचली तरी वार अडकते, अंग खचते, दुसरा माज वर्ष-दीड वर्ष येत नाही आणि तिची स्वतःची वाढ तिथेच खुंटते. वाचवलेले सहा महिने अशा वेळी दोन वर्षांच्या भाकडीत जातात. थांबण्याची शिस्त दयेतून आली तशी या हिशेबातूनही आली, आणि कोरडवाहू मुलखात ती अधिक कडक झाली, कारण तिथे खचलेल्या जनावराला भरून काढायला चारा नसतो.

वय सांगायला जन्मतारीख नव्हती; दात होते. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. एकही पक्का दात न आलेले जनावर आदत, पहिली जोडी आलेले दुसा किंवा दोनदाती, दुसरी जोडी आलेले चौसा किंवा चारदाती, मग सहादाती, आणि आठही दात आले की जनावर जुळले. देशी गाईंत पहिली जोडी सुमारे दोन-अडीच वर्षांत, दुसरी तिसऱ्या वर्षाच्या आसपास, तिसरी साडेतीन-चार वर्षांत आणि चौथी साडेचार-पाच वर्षांपर्यंत येते. बाजारात हेडी जनावराच्या जवळ जाऊन आधी ओठ खाली ओढतो तो यासाठी. रुमालाखाली बोटांनी भाव ठरायचा तो त्यानंतर.

शिंगांवरून वय सांगण्याची रीतही होती. गाय जितक्या वेळा विते तितक्या वळ्या शिंगाच्या बुडाशी उमटतात, असा ठोकताळा. पण खिलार जनावरांची शिंगे साळून गुळगुळीत करण्याची पद्धत जुनी आहे. आषाढातल्या बेंदराच्या आधी तर घरोघर शिंगे साळली जातात. साळलेल्या शिंगावर वळ्या राहत नाहीत, आणि कालवडीला तर अजून वळीच पडलेली नसते. त्यामुळे न व्यालेल्या जनावराच्या बाबतीत दात हाच एक भरवशाचा पुरावा उरतो.

दातांचा हा हिशेब माजाच्या वयाशी लावून पाहिला की रीतीतला शहाणपणा दिसतो. कालवड माजावर येऊ लागते ती दोनदाती असताना. ती भरवायला योग्य ठरते ती चारदाती होण्याच्या सुमारास. मधल्या काळात येणारे माज सोडून द्यायचे. आजच्या शरीरशास्त्राप्रमाणेही पहिले एक-दोन माज अनियमित असतात. बीज नेहमी सुटतेच असे नाही, आणि सुटले तरी गर्भ टिकण्याची शक्यता कमी असते. माजाचे चक्र साधारण 21 दिवसांचे. दोन-तीन माज ठरावीक अंतराने आले म्हणजे गर्भाशयाचे काम नियमित झाले, हे गोठ्यातल्या माणसाला कोणत्याही तपासणीशिवाय कळत होते.

दातांनंतर अंग. कालवडीच्या मागे उभे राहून कमरेची दोन हाडे आणि शेपटाच्या मुळाशी असलेली दोन हाडे यांच्यातली रुंदी पाहायची. खिलार जात अंगाने सडपातळ आणि पुठ्ठ्यात आवळ असल्यामुळे ही पाहणी फार महत्त्वाची होती. पुढून उंच दिसणारी कालवड मागून अरुंद असू शकते. बरगड्या मोजता येतात का, पाठीचा कणा बोटाला टोचतो का, कातडी हाताने उचलली तर सैल सुटते की चिकटून राहते, कासेला थोडी भर आली आहे का, सड नीट लागले आहेत का, हे सगळे हाताने आणि नजरेने तपासले जाई. याच पाहणीत अंगावरचे शुभ-अशुभ भोवरेही पाहत. भोवऱ्यावरून कालवडीच्या पैदासक्षमतेबद्दल काहीही कळत नाही, आणि या समजुतीपायी चांगली जनावरे कमी भावात गेली हे मान्य केले पाहिजे. बाकीची पाहणी मात्र आजच्या पशुवैद्यकाच्या पाहणीशी बहुतेक जुळते. पशुवैद्यक अंगावरच्या मांसल भरावाला एक ते पाच असे गुण देतात आणि तीनच्या आसपास गुण असलेली कालवड भरवायला योग्य मानतात. माणदेशातला जाणकार गुण देत नव्हता, एवढाच फरक.

माज ओळखणे हे यातले सर्वात नाजूक काम. संकरित गाय माजावर आली की हंबरून गोठा डोक्यावर घेते. खिलार गाय तसे करीलच असे नाही. तिचा माज कमी तास टिकतो आणि कित्येकदा मुका असतो. चारा कमी खाणे, कान टवकारणे, दुसऱ्या जनावराच्या अंगाला अंग घासणे, काचेसारखी स्वच्छ तार असलेला सोट टाकणे आणि शेवटी दुसऱ्या जनावराने अंगावर चढले तरी स्थिर उभे राहणे, ही त्यातली ओळखीची चिन्हे. कळप माळावर चरत असताना ती गुराख्याला सहज दिसत. जनावर दावणीला बांधून पाळण्याची पद्धत वाढली तशी निम्मी चिन्हे दिसेनाशी झाली, कारण बांधलेल्या कालवडीला दुसऱ्या जनावराजवळ जाताच येत नाही.

ऋतूचाही विचार होता. गाईचा गर्भकाळ सुमारे साडेनऊ महिन्यांचा. पावसाळ्यातले हिरवे खाऊन कालवडी भाद्रपद-आश्विनात अंगाला येतात आणि माजावर येतात. त्या वेळी फळलेली कालवड पुढच्या ज्येष्ठ-आषाढात विते. म्हणजे पोटातले वासरू सर्वात वेगाने वाढते ते शेवटचे तीन महिने नेमके चैत्र-वैशाखाच्या टंचाईत येतात, पण वासरू जमिनीवर येते तेव्हा रानात पहिला कोंब फुटलेला असतो. उन्हाळ्यासाठी कडब्याची गंजी राखून ठेवता येईल का, हा प्रश्न त्यामुळे कालवड भरवण्याच्या निर्णयातच धरलेला असे. ज्या घरी कडबा नाही तिथे चारदाती कालवडही एक पावसाळा तशीच ठेवणे शहाणपणाचे ठरे.

हा निर्णय पूर्णपणे माणसाच्या हाती होता असे मात्र नाही. गावात देवाच्या नावाने सोडलेला पोळ मोकळा फिरत असे. त्याला कोणी अडवत नसे आणि त्याच्यापुढे दोनदाती कालवड आली तरी तो वय पाहत नसे. शिवाय गावातली न बडवलेली, निकृष्ट खोंडे कळपात मिसळलेली असत. चांगले खोंड तेवढे विकले जाऊन बैल होत आणि उरलेली कळपात वळूचे काम करीत, हा जातीच्या दृष्टीने उलटा न्याय होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत सरकारचे लक्ष याच गोष्टीकडे वेधले गेले. 1926 ते 1928 या काळात लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने हिंदुस्थानातल्या गुरांच्या निकृष्ट पैदाशीची दखल घेतली. मुंबई इलाख्यात 1933 मध्ये पशुधन सुधारणा कायदा झाला. जिथे तो लागू झाला तिथे वळू ठेवायला परवाना लागू लागला आणि नापसंत खोंडाचे खच्चीकरण करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याला मिळाला. 1938 मध्ये आर्थर ऑल्व्हर यांनी हिंदुस्थानातल्या प्रमुख गोजातींची पाहणी प्रसिद्ध केली.

या साऱ्या प्रयत्नांचे लक्ष वळूवर होते. वळूची निवड झाली, त्याच्या वंशावळीची नोंद होऊ लागली. कालवड किती वयाची आणि किती वजनाची असताना भरवावी, याचा खिलारसाठी वेगळा विचार झाला नाही; तो भाग गोठ्यातल्या माणसावर सोडला गेला. एका अर्थी ते ठीक होते, कारण गोठ्यातल्या माणसाला तो येत होता. पण त्याची कुठेच लेखी नोंद राहिली नाही आणि पुढे त्याची किंमत मोजावी लागली. वळूच्या बाबतीतही जुना नियम असाच होता. आदत खोंड उड्या मारू लागला तरी त्याला गाईवर सोडत नसत. तीन वर्षांच्या आसपास, अंग भरल्यावर, तेही सुरुवातीला थोड्याच गाई. कोवळ्या खोंडाकडून जास्त काम घेतले तर त्याची वाढ खुंटते आणि पाय-कंबर कायमची दुखावते, हे अनुभवाने माहीत होते.

दुष्काळांनी ही रीत वेळोवेळी मोडली आणि वेळोवेळी शिकवलीही. 1876 ते 78, 1896-97 आणि 1899-1900 या दुष्काळांत दख्खनची जनावरे मोठ्या संख्येने गेली. 1972 च्या दुष्काळात आणि पुन्हा 2012-13 मध्ये माण तालुक्यातली जनावरे छावण्यांत उभी राहिली. म्हसवडची मोठी छावणी अनेकांना आठवत असेल. उपाशी कालवडीचा माज बंद होतो. शरीर आधी जीव वाचवते, प्रजनन मागे ठेवते. पाऊस पडून हिरवे खायला मिळाले की काही आठवड्यांतच माज परत येतो, आणि खरा धोका तेव्हाच असतो. कालवड माजावर येते, पण हाडे अजून उघडी असतात, दुष्काळात थांबलेली वाढ भरून निघालेली नसते. दात मात्र पुढे सरकलेले असतात, कारण उपासमारीने अंगाची वाढ जितकी थांबते तितके दात येणे थांबत नाही. दुष्काळानंतरच्या वर्षी चारदाती कालवडीचे अंग दोनदातीचे असू शकते. एकट्या दातांवर विसंबणारा इथे फसतो. दात आणि अंग दोन्ही पाहणारा फसत नाही.

कृत्रिम रेतनाने या इतिहासाला नवे वळण दिले. भारतात त्याचा पहिला यशस्वी प्रयोग 1939 मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाला, म्हणजे खिलारचे मूळ जिथले मानतात त्याच मुलखात. त्याच वर्षी सांगली भागात भिलवडी येथे चितळ्यांचा दुधाचा धंदा सुरू झाला आणि कृष्णाकाठ हळूहळू दुधाचा मुलूख होऊ लागला. 1967 मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बाएफ ही संस्था स्थापन केली. उणे 196 अंश सेल्सिअसला द्रवरूप नत्रवायूत गोठवलेले रेत दारापर्यंत पोचू लागले. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी वळूंची रेतमात्रा खिलार आणि गावठी गाईंना दिली जाऊ लागली आणि सातारा-सांगलीच्या बागायती भागात संकरित गाई आल्या.

संकरित कालवड वर्ष-सव्वा वर्षातच माजावर येते आणि चांगल्या खुराकावर दीड वर्षाच्या आसपास भरवता येते. तिच्यासाठी 250 किलो किंवा त्याहून थोडे अधिक वजन हा निकष सांगितला जातो. हा निकष दूधधंद्याबरोबर गावोगाव पोचला, आणि खिलारच्या बाबतीत गोंधळ झाला. पूर्ण वाढलेली खिलार गाय 320 ते 360 किलोंची. जातीच्या प्रौढ वजनाच्या 60 ते 65 टक्के वजन झाल्यावर कालवड भरवावी, हा सर्वसाधारण नियम तिला लावला तर आकडा सुमारे 200 ते 230 किलो येतो. म्हणजे संकरित गाईचे वय खिलारला लावले तर ती फारच लवकर भरवली जाते, आणि संकरित गाईचे वजन लावले तर उगाच उशीर होतो. दोन्ही चुका घडल्या. त्याहून मोठी चूक रेतमात्रेच्या निवडीत झाली. लहान बांध्याच्या पहिलारू कालवडीला होल्स्टीनसारख्या दांडग्या जातीचे रेत दिले की वासरू मोठे होते आणि कालवड अडते. लहान बांध्याच्या जनावराला जर्सीचे रेत द्यावे असा सल्ला यामुळेच दिला जाऊ लागला. आवळ पुठ्ठ्याच्या खिलार कालवडीला पहिल्या वेतासाठी खिलार वळूचेच रेत सर्वात सुरक्षित.

वजनकाटा प्रत्येक गोठ्यात नसतो, तरीही वजनाचा अंदाज घेता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटाच्या मुळापर्यंतची लांबी इंचांत मोजायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 300. येणारा आकडा पौंडांत असतो. घेर 58 इंच आणि लांबी 48 इंच असेल तर उत्तर 538 पौंड, म्हणजे सुमारे 244 किलो. शिंप्याच्या टेपने हे काम दोन मिनिटांत होते. रेतनाची वेळही याच काळात पक्की झाली: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. हा नियम अमेरिकेत 1940 च्या दशकात झालेल्या अभ्यासातून आला. खिलारसारख्या आखूड माजाच्या जातीत मात्र माज सुरू कधी झाला हेच अनेकदा उशिरा कळते, म्हणून दिवसातून किमान दोनदा, पहाटे आणि रात्री, जनावराजवळ थांबून पाहणे कोणत्याही नियमाहून जास्त उपयोगी पडते.

ट्रॅक्टर आले, मोटा गेल्या, आणि खिलार बैलाची मागणी ओसरली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद पडल्या तेव्हा माणदेशातल्या पैदाशीचा उरलासुरला आधारही डळमळला. 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती कायम केली. खोंडांचे भाव पुन्हा चढले. भाव चढले की कालवडी लवकर भरवण्याची घाईही चढते, आणि आताच्या अनेक नव्या पाळणाऱ्यांच्या घरी ओठ ओढून दात पाहणारे म्हातारे माणूस उरलेले नाही.

खिलार कालवड पाळणाऱ्या प्रत्येकाने म्हणून एक वही ठेवावी. जन्माची तारीख, पक्क्या दातांची जोडी दिसल्याची तारीख, प्रत्येक माजाची तारीख, दर दोन महिन्यांनी टेपने काढलेले वजन, भरवल्याची आणि व्याल्याची तारीख, वासराचा नर-मादी भेद आणि कालवड अडली की नाही, एवढ्याच नोंदी त्यात हव्यात. पशुवैद्यक रेतन करायला येईल तेव्हा ही वही त्याच्यापुढे धरावी, आणि माज दिसला तरी वजन भरले नसेल तर रेतमात्रा परत पाठवावी.